शिव्या अस्सल मराठीत आणि शाबासकी भाषांतरित, मग मन ऐकणार कोणाचं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारे ४१ वर्षांचे, ऐरोलीला राहतात, नोकरी महापेला. यंदा प्रमोशन हुकलं, हाताखाली शिकलेला मुलगा पुढे गेला, तेव्हापासून डोक्यात "आपलं आता काही होणारच नाही" ही टेप चालू आहे. बायकोने काळजीपोटी कुठल्याशा ऑनलाइन वर्कशॉपमधून अफर्मेशनचा, म्हणजे स्वतःला रोज म्हणायच्या चांगल्या-चांगल्या वाक्यांचा, कागद आणून बेसिनवरच्या आरशाला चिकटवला, आणि वाढदिवसाला एक कृतज्ञता डायरी दिली, रोज दहा ओळी भरायच्या. तीन महिने झाले. वाक्यं म्हणताना स्वतःचंच हसू येतं आणि नंतर जास्तच उदास वाटतं, डायरीत रोज तेच, घर, नोकरी, आईवडील, तब्येत. विचारतायत की सगळ्यांना जमतं ते मलाच का जमत नाही, आणि बायकोला काय सांगू.

मी ठाण्यात, नौपाड्यात, १९ वर्षं काउन्सेलिंग करतेय आणि हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, फक्त कागद वेगळा असतो. आधीच सांगून टाकते, स्वतःशी बोलण्याने फरक पडतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, माझी भाकरीच त्यावर आहे. पण तुम्ही जे करताय ते बोलणं नाहीये हो, ते पाठांतर आहे, चौथीत पाढे म्हणायचो तसं.

तुम्ही कागदावरची वाक्यं लिहून पाठवलीत ते बरं केलंत. "मी समृद्धीचा चुंबक आहे." "मी विपुलतेला आकर्षित करत आहे." "मी जसा आहे तसा परिपूर्ण आहे." आता मला सांगा, ऐरोली स्टेशनवर डोळ्यांसमोर गाडी सुटली तर तुमच्या तोंडून काय निघतं? "च्यायला, आजच व्हायचं होतं हे." ही तुमच्या मनाची भाषा. तुमचं मन तुम्हाला दिवसभर घरच्या मराठीत झोडपतं, "तुला साधं एवढं जमत नाही", "गाढवासारखा राबलास आणि काय मिळालं", आणि त्याला उत्तर द्यायला तुम्ही पाठवताय कोणाला, तर विपुलतेला! आमच्या घरात किंवा तुमच्या घरात आजपर्यंत कोणी विपुलता हा शब्द उच्चारलाय का, पाहुणे आल्यावर सुद्धा नाही.

ही आयडिया तशी जुनी आहे. एमिल कुए नावाचा एक फ्रेंच औषधविक्रेता होता, १९२०च्या दशकात त्याचा फार बोलबाला झाला, मी दिवसेंदिवस सगळ्या बाजूंनी सुधारतोय अशा अर्थाचं एक वाक्य रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा पुटपुटायचं, बस. आज रीलवर जे फिरतंय त्याचा पणजोबा तो. काही लोकांना त्याने बरं वाटतं हे खरंय, प्रश्न आहे कोणाला. २००९ साली कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. लोकांना चार मिनिटं मनातले विचार लिहायला बसवलं, काहींना सांगितलं की मधेमधे घंटी वाजेल, वाजली की स्वतःला म्हणा, मी प्रेम करावं असा माणूस आहे. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडंसं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना खरी गरज होती, त्यांना हे वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. कारण समजायला कठीण नाही, तुम्ही "मी परिपूर्ण आहे" म्हटलं की आतून लगेच आवाज येतो "हो का, मग प्रमोशनचं काय झालं", आणि तो पुरावेच काढून बसतो. म्हणजे तुम्ही रोज सकाळी दात घासून झाले की स्वतःविरुद्ध एक केस उभी करताय आणि रोज ती हरताय. तीन महिन्यांत जास्त उदास वाटलं यात नवल ते काय, आणि याला तुमच्यातली कमतरता म्हणू नका.

मग करायचं काय. माझा धंद्यातला एकच नियम आहे, वाक्य गोड नको, मनाने सही करावी असं हवं. आणि ते शोधायला मराठीत आपल्याला एक फुकटचं हत्यार मिळालेलं आहे, ते म्हणजे च.

हसू नका. आल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९५५च्या सुमारास त्याने मांडलं की घटनेने माणूस जेवढा हलत नाही तेवढा त्या घटनेबद्दल स्वतःला जे सांगतो त्याने हलतो, आणि त्या सांगण्यात खरी विषारी गोष्ट असते ती हट्टाची, असं व्हायलाच पाहिजे, असं होताच कामा नये. आपल्याकडे याला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, कि. मो. फडके सरांनी ते इथे रुजवायला अख्खं आयुष्य दिलं आणि आमच्या ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९०पासून काम करतायत, त्यामुळे इथल्या बऱ्याच लोकांच्या कानावरून हे गेलेलं असतं. इंग्रजीत तो हट्ट शोधायला लागतो, मराठीत तो शेपटीला लटकलेला दिसतो. तुमचंच वाक्य घ्या, "आपलं काही होणारच नाही." च काढा. "आपलं काही होणार नाही." लगेच ते भविष्यवाणीवरून साध्या अंदाजावर आलं, आणि अंदाजाला विचारता येतं की कशावरून. आता अजून खाली उतरा, "यंदा झालं नाही." हे तर शंभर टक्के खरं आहे, कोणी खोडू शकत नाही, तुमचं मन पण नाही. "यंदा झालं नाही, लागलं खूप, पुढे काय करायचं ते बघायचंय." बघा, यात कुठे पॉझिटिव्ह काही आहे? नाही. पण हे वाक्य तुम्ही आरशात न हसता म्हणू शकता.

एक उदाहरण देते, ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. ठाणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका ताईंचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या तीनेकशे पोळ्या. माझ्याकडे आल्या त्या पाठदुखीसाठी, डॉक्टरांनी टेन्शनचं आहे म्हणून पाठवलेलं. बोलता बोलता म्हणाल्या, मी लाटताना स्वतःला बोलत असते. काय बोलता? "अक्कलच नाही मला." दिवसातून किती वेळा? "असेल चारपाच वेळा." मी म्हटलं मोजू या. ओट्यावर दोन वाट्या ठेवायच्या, एका वाटीत चणे, अक्कल काढली की एक चणा दुसऱ्या वाटीत टाकायचा, बाकी काही बदलायचं नाही, स्वतःला थांबवायचं पण नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन, वाटीत ४३ चणे. फोनवर त्या हसतच होत्या आणि मग एकदम गप्प झाल्या, म्हणाल्या, मॅडम, हे तर माझी सासू पण म्हणाली नसती एवढ्या वेळा.

तुम्हाला वाटेल मग मी त्यांना "मी हुशार आहे" म्हणायला लावलं. छे. प्रत्येक चण्यामागे काय घडलं होतं ते विचारलं. पोळी जाड झाली. डब्याचं झाकण बदललं. सुट्टे पैसे चुकले. मग नवीन वाक्य फक्त एवढंच, जे घडलं ते आणि का घडलं ते. "पोळी जाड झाली, पीठ घट्ट भिजलंय." पीठ घट्ट भिजलं असेल तर पाण्याचा हात लावता येतो हो, अक्कल नसेल तर काय लावणार! दीडदोन महिन्यांनी वाटीत रोजचे आठदहा चणे पडायचे, शून्य कधी झाले नाहीत, आणि मी शून्याच्या मागे लागलेही नाही. पाठदुखी? थोडी कमी झाली, ओट्याची उंची वाढवल्यावर अजून कमी झाली, सगळं श्रेय मी घेणार नाही.

तुम्ही चणे ऑफिसात नेऊ नका, लोक खातील. पेनाने मनगटावर एक रेघ, किंवा एका खिशातून दुसऱ्या खिशात एक रुपयाचं नाणं. तीन दिवस नुसतं मोजा. बहुतेकांना आकडा बघूनच अर्धी जाग येते.

दुसरी गोष्ट, बोलताना "मी" सोडा. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या टीमने २०१४ साली दाखवलं की टेन्शनच्या प्रसंगाआधी जी माणसं स्वतःला नावाने किंवा "तू" म्हणून समजावतात ती "मी मी" करणाऱ्यांपेक्षा कमी गडबडतात, भाषण पण बरं करतात आणि नंतर कुढत पण कमी बसतात. वाचलं तेव्हा मला गंमत वाटली, कारण आपण शाळेत पाठ केलेले रामदासांचे मनाचे श्लोक, एकूण २०५, त्यातले बरेचसे मनाला समोर बसवून "मना सज्जना" म्हणत केलेलं बोलणंच की. आपल्या कानाला हा सूर नवा नाही. तर तुमची आई तुम्हाला ज्या नावाने हाक मारते ते नाव घ्या, ऑफिसातलं नको, आणि मित्राला सांगाल तसं सांगा, "अरे, आज रिव्ह्यू आहे, पोटात गोळा येणार, येऊ दे, पहिली दोन मिनिटं हळू बोल." मी स्वतः "अगं बाई, थांब जरा" ने सुरुवात करते, घरचे म्हणतात कोणाशी बोलतेस, सांगते की माझ्याशीच.

पण एक सांगते, नुसती वाक्यं बदलून कोणी बदललेलं मी पाहिलं नाही. पाय हलले पाहिजेत. हा एलिस स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला भयंकर घाबरायचा, १९ वर्षांचा असताना त्याने ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बॉटनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. तो सांगायचा, १३० जणी भेटल्या, ३० उठून गेल्या, शंभरजणींशी बोललो, एक भेटायला तयार झाली आणि ती पण आली नाही! पण जग बुडालं नाही हे कळलं आणि भीती गेली. (आज हा प्रयोग ठाण्यात तलावपाळीला कोणी करू नये, उगाच पोलीस चौकी बघायला लागेल.) तुमच्या बाबतीत पाय हलवणं म्हणजे साहेबांकडे जाऊन सरळ विचारणं, की माझं कुठे कमी पडलं आणि पुढच्या वर्षी मला काय दाखवावं लागेल. ते विचारलंत की नाही ते तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि माझा अंदाज आहे की विचारलेलं नाही.

आता डायरी. इथे माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी नोकरी गेलेला एक मुलगा आला होता, मी उत्साहात त्याला रोज पाच चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. दोनदा आला, मग बंद. तीन महिन्यांनी मेसेज आला, मॅडम तुमच्या वहीमुळे मला रडायची पण लाज वाटायला लागली. तो मेसेज मी अजून विसरले नाहीये. त्याचं दुःख ऐकून व्हायच्या आधीच मी त्याच्या हातात आभाराची पावती दिली होती. तर तुमच्यासाठी पहिलं हे, प्रमोशन हुकल्याचं वाईट वाटणं हे कृतघ्नपणाचं लक्षण नाही. "लोकांना नोकऱ्या नाहीत, तुला आहे ना" हे जे कोणी ऐकवतं ना, ती तुलना झाली, आणि तुलनेचं कसं असतं, ती खाली बघून बरं वाटवते आणि दुसऱ्या मिनिटाला वर बघून परत रडवते.

आणि रोज दहा ओळी कोणी काढल्या देव जाणे. या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास एमन्स आणि मॅककलो यांचा, २००३चा, त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थी आठवड्यातून एकदा लिहीत होते, जास्तीत जास्त पाच गोष्टी, असे दहा आठवडे, आणि कटकटींची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आयुष्य बरं वाटायला लागलं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या टीमने तर आठवड्यातून एकदा आणि आठवड्यातून तीनदा अशी तुलना केली, फायदा एकदावाल्यांनाच झाला, तीनदावाल्यांचं बहुतेक रुटीन होऊन गेलं, तुमचं घर-नोकरी-आईवडील-तब्येत झालं तसंच. रोज करून पण फायदा होतो असे प्रयोग आहेत, सेलिगमन यांचा २००५चा, फक्त तीन गोष्टी, एकच आठवडा, पण त्यात एक अट होती जी सगळे रीलवाले गाळतात, प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली ते लिहायचं. सगळी गंमत त्या "का"मध्ये आहे.

आता परत मराठीकडे येते. "मी माझ्या पत्नीबद्दल कृतज्ञ आहे" असं लिहिलंत तर ते वहिनींना वाचून दाखवाल का? नाही दाखवणार, कारण सत्कार समारंभ वाटेल. आपल्या घरात आभार मानले की समोरचा म्हणतो परकं करतोस का. पण म्हणून आपण कोरडे असतो असं नाही, आपण म्हणतो "बरं झालं". "बरं झालं छत्री दिलीस." आणि पुढे न बोललेलं एक "नाहीतर" असतं, नाहीतर भिजलो असतो. या नाहीतरवर सुद्धा काम झालंय, २००८ साली मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी बघितलं की चांगली गोष्ट घडली हे नुसतं आठवण्यापेक्षा ती घडलीच नसती तर कसं झालं असतं हे लिहिलं की मन जास्त उजळतं. आपल्याकडे हे दोन शब्दांत आधीच आहे. तर डायरीत ओळीची सुरुवात "बरं झालं" ने करा आणि शेवट "नाहीतर" ने.

माझं गेल्या आठवड्याचं सांगते. बुधवारी वाशीला एका कॉलेजात सेशन होतं, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली, गर्दी नेहमीचीच, तिघींच्या बाकावर तीन बायका आरामात बसलेल्या. खिडकीजवळच्या मावशींनी माझ्याकडे बघितलं पण नाही, नुसती मांडीवरची पिशवी उचलून वर घेतली आणि सरकल्या, आणि बाकीच्या दोघी आपोआप सरकल्या. चौथी सीट. अर्धीच टेकले, एक पाय बाहेर, पण रबाळ्यापर्यंत गुडघा जरा शांत झाला. मी लिहिलं, बरं झालं मावशी सरकल्या, मी न मागता, बहुतेक माझा हात गुडघ्यावर होता तो त्यांना दिसला, नाहीतर सेशन उभ्याने घेता आलं नसतं. संपलं. एका आठवड्याची एक ओळ. पण त्यानंतर दोन दिवस मी सुद्धा डब्यात कोण गुडघा धरून उभंय ते बघत होते, हे औषध असं काम करतं, वहीत कमी आणि डोळ्यांत जास्त.

तुम्हाला आत्ता एकही "बरं झालं" सापडत नसेल तर? तर थांबा, आणि हे नीट वाचा. दोन आठवड्यांच्या वर बहुतेक रोज, दिवसातला बराच वेळ उदास वाटतंय किंवा कशातच रस उरलेला नाही, सोबत झोप बिघडलीय, भूक गेलीय, पहाटे लवकर जाग येऊन छातीत धडधडतं, असं असेल तर आधी सायकियाट्रिस्टना भेटा, डायरी-बियरी नंतर. नैराश्य हा आजार आहे, वाक्यांनी तो बरा करायला जाणं म्हणजे टायफॉइडला ओव्याची वाफ. आणि जगणं नको असे विचार डोकावत असतील तर आजच, घरातल्या एकाला सांगा आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, झोप बरी आहे, रविवारी मुलीला सायकल शिकवताय असं लिहिलंय, पण पत्रावरून निदान करणारी मी कोण.

राहिला बायकोचा प्रश्न. मला वाटतं तुम्हाला त्या कागदाचा त्रास कमी आणि तिला तो चालत नाहीये हे कळेल याचा जास्त आहे. ती तुम्हाला तीन महिने गप्प बसलेलं बघतेय, तिच्या हातात काही नव्हतं तेव्हा जे मिळालं ते तिने आणून चिकटवलं. सरळ सांगा, हे मला जमलं नाही, पण बरं झालं तू आणलास, नाहीतर मी कोणाला पत्र लिहिलं नसतं. डायरी ठेवा, दहा ओळींच्या पानावर एकच ओळ लिहिली तर शाई वाया जात नाही. कागद मात्र रागात ओरबाडू नका, आरशावर सेलोटेपचा चिकटा राहतो. खोबरेल तेलाचं बोट फिरवा, दहा मिनिटं ठेवा, मग जुन्या बनियनने पुसा.